वॉशिंग मशीनचे आयुष्य कोणाच्या हाती?

मंडळाच्या कोणत्याही पॉटलकला जा. मुलांची कॉलेजे, घरांचे व्याजदर आणि भारतवारीची तिकिटे हे विषय संपले की गाडी हमखास घरातल्या यंत्रांवर येते. कोणाचे तरी वॉशिंग मशीन सहा-सात वर्षांतच निकालात निघालेले असते. मग एखादे काका सांगतात, "आम्ही आलो तेव्हा घेतलेलं केनमोर वीस वर्षं चाललं. आता पूर्वीसारखी यंत्रं राहिली नाहीत." सगळे माना डोलावतात, आणि नवे मशीन कोणत्या कंपनीचे घ्यावे यावर चर्चा सुरू होते.

काकांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. गेल्या शंभरेक वर्षांत अमेरिकेत कपडे धुण्याचे यंत्र निदान तीनदा मुळापासून बदलले. बनवणाऱ्यांनी ते दर वेळी नव्या तऱ्हेने बांधले. वापरणाऱ्यांच्या सवयी मात्र आधीच्या यंत्राच्याच राहिल्या. यंत्राचे आयुष्य पुष्कळदा कमी होते ते याच फटीत. म्हणून यंत्र टिकवायचे कसे, हे समजून घेण्यासाठी आधी त्याचा इतिहास थोडा चाळायला हवा.

रवी आणि चरक

कपडे धुण्यात माणसाचे हात चार कामे करतात: भिजवणे, चोळणे किंवा आपटणे, खळबळणे आणि पिळणे. यांतले एखादे तरी काम यंत्राकडे सोपवावे ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब शेफर या धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने १७६७ साली अशा यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेत नॅथनिएल ब्रिग्ज याने १७९७ साली पेटंट घेतले; पण पेटंट कार्यालयाला १८३६ साली लागलेल्या आगीत त्याची कागदपत्रे जळाली आणि ते यंत्र नेमके कसे होते हे आज सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात अशी पेटंटे पुष्कळ निघाली. त्या सर्वांत एक गोष्ट समान होती: दांडा फिरवायला माणूसच लागे, आणि बहुधा ती बाईच असे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विजेची मोटर आली. शिकागोच्या हर्ली मशीन कंपनीचे 'थॉर' हे यंत्र प्रसिद्ध आहे. त्यासाठी अल्वा फिशर याला ९ ऑगस्ट १९१० रोजी पेटंट मिळाले. विजेच्या धुलाईयंत्राचा जनक म्हणून त्याचे नाव सर्रास घेतले जाते, पण अशी कल्पना मांडणारे त्याच्या आधीही काही जण होते.

आयोवा राज्यातील न्यूटन गावी फ्रेडरिक मेटॅग यांची कंपनी १८९३ पासून शेतीची अवजारे बनवीत असे. शेतीचा धंदा हंगामी; रिकाम्या महिन्यांत कामगारांना काम हवे म्हणून १९०७ साली त्यांनी धुलाईयंत्र काढले. गावोगावी वीज नव्हती, तेव्हा या कंपनीने पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचे मशीनही विकले. १९२२ साली तिने एक महत्त्वाचा बदल केला. कपडे घुसळणारा भाग तोवर बहुधा झाकणाला लटकलेला असे. तो टबाच्या तळाशी नेला. हा अ‍ॅजिटेटर म्हणजे ताक घुसळायची रवीच म्हणा ना! फरक एवढाच, की हिची दोरी ओढायला माणूस नको. वर पिळण्यासाठी रबराचे दोन रूळ असत. उसाच्या चरकात कांडे घालावे तसा ओला कपडा एका बाजूने घालायचा, पाणी निथळून तो दुसऱ्या बाजूने बाहेर. त्या रुळांत बोटे सापडून अपघातही होत.

या यंत्राची निगा राखणे सोपे होते, कारण सगळे डोळ्यांसमोर होते. काम झाले की रुळांवरचा दाब सैल करायचा, नाहीतर रबर एका जागी चपटे होई. टब पुसून कोरडा करायचा, तेल द्यायचे. सांगायला पुस्तिका असे, पण नसती तरी यंत्र स्वतःच आवाजाने बोलत असे. चरकवाली मशीन मेटॅगने १९८३ पर्यंत बनवली, यावरून त्यांचा चिवटपणा ध्यानात यावा.

त्या काळातील आणखी एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. मिशिगनमधील अप्टन कुटुंबीयांनी १९११ साली कंपनी काढली. हीच पुढे व्हर्लपूल झाली. शिकागोच्या फेडरल इलेक्ट्रिक कंपनीने त्यांना १०० यंत्रांची पहिली मोठी ऑर्डर दिली. यंत्रे गेली आणि एकामागून एक बंद पडू लागली, कारण आतला बिडाचा गिअर टिकेना. लू अप्टन यांनी पोलादाचा गिअर तयार करवून सर्व यंत्रांत तो बदलून दिला. गिऱ्हाईक इतके खूश झाले, की ऑर्डर दुप्पट करून २०० ची झाली. कोणता भाग आधी तुटतो हे शोधून तो बदलता येणे, यावर या धंद्याचा पाया घातला गेला होता.

झाकण बंद झाले

१९३७ साली बेंडिक्स कंपनीने स्वयंचलित मशीन बाजारात आणले. पाणी भरणे, धुणे, खळबळणे आणि पिळणे ही सर्व कामे एका पेटीत, आणि दार पुढच्या बाजूला! पण पिळताना ते इतके हादरे देई, की जमिनीला बोल्टने जखडावे लागे. महायुद्धानंतर १९४७ साली जनरल इलेक्ट्रिकने वरून उघडणारे स्वयंचलित मशीन काढले आणि अमेरिकेने तीच तऱ्हा आपलीशी केली. रवी राहिली, चरक गेला. पिळण्याचे काम गरगर फिरणारा टबच करू लागला.

गृहिणीची यातून खरोखर सुटका झाली का? रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी 'मोअर वर्क फॉर मदर' या १९८३ च्या पुस्तकात याचे उत्तर फार मार्मिक दिले आहे. यंत्राने एका खेपेचे कष्ट कमी केले यात शंका नाही. पण पूर्वी जे कपडे बाहेरच्या लाँड्रीत जात किंवा धुणेवाली धूत असे, ते घरात परत आले. शिवाय स्वच्छतेची कल्पना वाढली आणि कपडे वारंवार धुतले जाऊ लागले. वेळ वाचला तो जास्त धुण्यात गेला. यंत्राच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे: आठवड्याला दोन खेपा करणारे मशीन आणि सात खेपा करणारे मशीन यांचे वय वर्षांत मोजणे फसवे आहे. ते खेपांत मोजायला हवे.

झाकण बंद झाले तेव्हा ज्ञानाची वाटणीही बदलली. आत काय चालते हे घरच्यांना दिसेना; ते फक्त दुरुस्तीवाल्याला ठाऊक. मेटॅगने १९६७ पासून एक जाहिरात चालवली. तिच्यातला दुरुस्तीवाला बिचारा कामाविना एकटा बसलेला असे, कारण कंपनीची यंत्रे बिघडतच नाहीत. टिकाऊपणा ही विकत घेण्याची वस्तू झाली. सांभाळण्याची राहिली नाही.

तरीही त्या पिढीच्या मशीनचा एक मोठा गुण होता: ते उघडता येई. १९८० च्या दशकात व्हर्लपूलने काढलेल्या आणि सिअर्सने केनमोर नावाने विकलेल्या मशीनमध्ये पट्टा नव्हता. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये रबर-प्लॅस्टिकचा एक स्वस्त सांधा असे. टबात गरजेपेक्षा जास्त कपडे कोंबले की तो तुटे, आणि त्यामुळे महागडी गिअरबॉक्स वाचे. वरची दोन क्लिपे काढली की अख्खी पेटी बाजूला होई. हातात पाने धरण्याची हौस असलेल्या माणसाला हे काम शनिवारच्या दुपारचे. काकांचे केनमोर वीस वर्षे चालले, त्यात या स्वस्त सांध्याचा वाटा होता.

फेसाची गोष्ट

यंत्राबरोबर त्यात पडणारा साबणही बदलत गेला. शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरा चिकट साका तयार करतात. ते संपल्याशिवाय फेस येत नाही. म्हणून साबणाच्या काळात फेस ही खरी खूण होती: फेस आला म्हणजे पुरेसा साबण पडला. धुण्याच्या दगडावर धोपाटण्याने कपडे बडवणाऱ्या आपल्या आजीला हे अनुभवाने ठाऊक होते.

१९४६ साली प्रॉक्टर अँड गँबलने 'टाइड' बाजारात आणले. हा साबण नव्हता. कृत्रिम डिटर्जंट आणि पाण्यातील कॅल्शियम बांधून ठेवणारे फॉस्फेट यांचे ते मिश्रण होते; जड पाण्यातही उत्तम धुवी. पुढे फॉस्फेटमुळे तळ्यांत शेवाळ माजले. ईरी सरोवराची दुर्दशा झाली तेव्हा १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी बंदी घातली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमधून फॉस्फेट जवळजवळ गेले. भारतात सर्फ १९५९ साली आले आणि निरमा १९६९ साली. बादलीत पावडर टाकून हाताने फेस करायचा, हीच आपल्या घरांची रीत झाली.

या सगळ्यात फेसाचा अर्थ बदलला होता, पण कोणाच्या लक्षात आले नाही. डिटर्जंटमध्ये फेस हे स्वच्छतेचे माप उरले नाही. तो कमी-जास्त करणे उत्पादकाच्या हाती आहे. तरी भारतातून आलेल्या आई किंवा सासूबाई मशीनच्या काचेतून पाहून विचारतातच, "फेस कुठंय गं? आणखी थोडी पावडर टाक." आणि आपणही टाकतो. जुन्या मशीनमध्ये एका खेपेला सुमारे ४० गॅलन पाणी लागे, त्यात ही जास्तीची पावडर वाहून जाई. आजचे फ्रंट-लोडर १५ ते २० गॅलनमध्ये काम भागवते. त्यात ती जाणार कुठे?

पुढचे दार परत आले

बेंडिक्सची तऱ्हा युरोपने सोडली नव्हती. अमेरिकेत ती पाणी व वीज वाचवण्याच्या निमित्ताने परतली. १९९७ साली कॅन्सस राज्यातील बर्न या चिमुकल्या गावात ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक प्रयोग केला. गावातल्या शंभरावर घरांतील जुनी मशीन्स आधी मोजमापाखाली ठेवली. नंतर ती काढून मेटॅगचे नवे फ्रंट-लोडर बसवले. कपडे धुण्याचे पाणी सुमारे ३८ टक्क्यांनी आणि ऊर्जा सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झाली. त्यानंतर केंद्र सरकारचे नियम २००४ आणि २००७ साली कडक झाले आणि रवीवाल्या मशीनचे राज्य ओसरू लागले.

नव्या यंत्रापुढची यांत्रिक अडचण जरा आकड्यांत पाहू. पिळताना ड्रम मिनिटाला १,२०० फेरे घेतो आणि त्याची त्रिज्या सुमारे २५ सेंटिमीटर असते. कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट जोर येतो. अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला जास्त झाला, तर ड्रमला सुमारे २०० किलो वजनाएवढा ओढा बसतो, आणि त्याची दिशा सेकंदाला २० वेळा फिरते. हा सगळा भार मागच्या बेअरिंगवर. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश तंत्रज्ञांचा १९४७ चा सिद्धांत. म्हणजे भार दुप्पट केला की आयुष्य निम्मे होत नाही. एक अष्टमांश होते! आता गोधडी किंवा बाथरूमची जाड पायपुसणी एकटीच मशीनमध्ये घालून 'हाय स्पिन' लावण्याचा अर्थ लक्षात येईल. मशीन असमतोल ओळखून वेग कमी करते हे खरे, पण दर वेळी ते पूर्ण साधत नाही.

दुसरी अडचण रसायनाची. ड्रमच्या पाठीशी तिवईसारखा तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा आधार असतो. ड्रम स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये डिटर्जंटचा अल्कधर्मी ओला गाळ. तेथे अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. एका मित्राचे बंद पडलेले मशीन आम्ही दोघांनी त्याच्या बेसमेंटमध्ये उघडले, तेव्हा त्या तिवईचा एक पाय हाताने मोडला इतका तो पोखरला होता. पायाच्या खाचांत करड्या रंगाचा, साबणाचा वास येणारा लगदा गच्च भरला होता. आठ वर्षे दर खेपेला झाकणभर डिटर्जंट, नेहमी थंड पाणी, आणि धुऊन झाले की दार बंद. त्या लगद्यात हा सगळा हिशोब लिहिलेला होता.

तिसरी अडचण कुबट वासाची. थंड पाण्यात न विरघळलेला डिटर्जंट, फॅब्रिक सॉफ्टनरचा मेणचट थर आणि दाराच्या रबरात साठलेले पाणी यांवर बुरशी पोसते. या तक्रारींवरून अमेरिकेत अनेक कंपन्यांवर सामूहिक दावेही झाले. दोष नुसता वापरणाऱ्याचा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. दार हवाबंद, पाणी कमी आणि सूचना अपुऱ्या, असे यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती दिले गेले. शिवाय बऱ्याच नव्या मशीनमध्ये प्लॅस्टिकचा बाहेरचा टब वेल्ड करून कायमचा बंद केलेला असतो. बेअरिंग तसे स्वस्त, पण त्यासाठी अख्खा टब बदलावा लागतो. १९११ साली अप्टननी बदलून दिलेला गिअर आठवा, आणि शंभर वर्षांत चक्र कुठवर आले ते पाहा.

मग घरी काय करावे?

इतिहासातून निघणारे नियम थोडकेच आहेत.

१. डिटर्जंट कमी वापरा. 'एचई' खूण असलेले घ्या. नेहमीच्या खेपेला एक-दोन टेबलस्पून पुरतात. सिअ‍ॅटल किंवा बोस्टनचे पाणी मृदू आहे, तेथे आणखी कमी. फिनिक्स किंवा सॅन अँटोनियोचे पाणी जड आहे, तेथे थोडे जास्त. आपल्या पाण्याचा जडपणा नगरपालिकेकडे विचारल्यास कळतो.

२. महिन्यातून एकदा रिकामे मशीन सर्वात गरम पाण्यावर, 'टब क्लीन' असल्यास त्यावर चालवा. जड पाण्याच्या गावी क्षार काढण्यासाठी अधूनमधून सायट्रिक अ‍ॅसिड चालते. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल एकत्र कधीही करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

३. धुऊन झाले की दाराचे रबर पुसा आणि दार किलकिले ठेवा. घरात लहान मूल असेल तर लाँड्रीच्या खोलीचे दार मात्र बंद हवे. मुले ड्रममध्ये शिरतात.

४. जड वस्तू एकटी घालू नका. जोडीला दोन टॉवेल द्या आणि पिळण्याचा वेग कमी ठेवा. ड्रमच्या वरच्या भागात हात जाईल एवढी जागा मोकळी असावी. रवीवाले मशीन असेल तर साडी जाळीच्या पिशवीत घाला. साडेपाच मीटर कापड रवीभोवती दोरासारखे गुंडाळले जाते आणि कापड व यंत्र दोघांचेही हाल होतात.

५. मशीन पाणसळ लावून सपाट ठेवा. घर बदलताना फ्रंट-लोडरचे वाहतुकीचे बोल्ट परत लावा, आणि नव्या घरी सुरू करण्यापूर्वी आठवणीने काढा. आपण नोकरीमागे गावे बदलणारे लोक. ते बोल्ट पुस्तिकेबरोबर एका पिशवीत जपून ठेवावेत.

६. पंपाचा फिल्टर दोन-तीन महिन्यांनी साफ करा. त्यात नाणी, हेअरपिना आणि कधीकधी मंगळसूत्राचे मणीही सापडतात. मागच्या साध्या रबरी नळ्या पाच वर्षांनी बदला, आणि गावाला जाताना पाण्याचे नळ बंद करा. फुटलेली नळी मशीनच्या किमतीच्या कितीतरी पट नुकसान करते.

७. आवाज ऐका. पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर वाढत गेली तर बेअरिंग जात आहे. लवकर कळले तर निदान दुरुस्तीचा विचार करता येतो.

दुरुस्तीचा हक्क

एवढे करूनही यंत्र बिघडणारच. तेव्हा प्रश्न उरतो तो भाग मिळण्याचा. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून नियम केला, की मॉडेलचे शेवटचे मशीन बाजारात आल्यानंतर १० वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. कॅलिफोर्नियाचा दुरुस्तीहक्काचा कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला. १०० डॉलर किंवा अधिक किमतीच्या उपकरणांसाठी उत्पादन थांबल्यावर ७ वर्षे सुटे भाग आणि माहिती उपलब्ध ठेवणे त्याने बंधनकारक केले. न्यूयॉर्कच्या कायद्याने मात्र घरगुती उपकरणे वगळली. म्हणून पुढचे मशीन घेताना रंग आणि वाय-फाय पाहण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: याचा टब उघडतो का, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील? गिऱ्हाइकांनी विचारले नाही, तर बनवणाऱ्यांना ते सांगण्याची गरज वाटणार नाही.

तेव्हा मशीनचे आयुष्य कोणाच्या हाती? बंद टब आणि न मिळणारे भाग यांची जबाबदारी कंपनीची आहे, आणि ती तिच्याकडून मागून घेतली पाहिजे. पण झाकणभर पावडर, एकटी गोधडी आणि घट्ट लावलेले दार या तीन गोष्टी निखालस आपल्या हातातल्या आहेत. पुढच्या पॉटलकला कोणी "पूर्वीसारखी यंत्रं राहिली नाहीत" म्हणाले, तर त्यांना एवढेच विचारा: "खरं आहे, पण डिटर्जंट किती टाकता?"